तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दारातून हलवा

महोदय,

नातीच्या पालकसभेसाठी गेल्या आठवड्यात तिच्या शाळेत गेले होते. मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, शिपायाच्या स्टुलाच्या वर तक्रारपेटी टांगलेली दिसली. तिच्या डोक्यावरच सीसीटीव्ही कॅमेरा. कुलपाला चढलेला गंज पाहता ती बऱ्याच दिवसांत उघडली नसावी. शिक्षकांविषयी काही सांगायचे असलेले मूल येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत तिथे चिठ्ठी टाकील, असे ज्यांना वाटले, त्यांना मुलांची भीती ठाऊकच नसावी.

शिक्षण हक्क कायदा, २००९च्या कलम १७ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे. छडी बहुतेक वर्गांतून गेली. पण उत्तर चुकताच साऱ्या वर्गाला हसवणारा टोमणा अजून आहे, आणि त्याचा वळ दिसत नसल्याने कुणाच्या लक्षातही येत नाही.

हे लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, हा प्रश्नच आहे. मी तीस वर्षे गणित शिकवले आणि माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते, याचा मला केवढा अभिमान होता! निवृत्तीनंतर मंडईत भेटलेला एक विद्यार्थी हसत हसत म्हणाला, "बाई, दशांश चिन्ह कुठे द्यायचे ते मला शेवटपर्यंत कळले नाही, विचारायची छातीच झाली नाही." 'समजले का?' या प्रश्नावर डोलणाऱ्या माना मोजून मी पुढच्या धड्याला लागत असे.

अर्थात, मुलांच्या या भीतीला एकटा शिक्षक जबाबदार नव्हे. निकाल घसरला की संस्था मुख्याध्यापकांना जाब विचारते, मुख्याध्यापक शिक्षकांना धारेवर धरतात, आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर रात्री एखाद्या बाईंचा झालेला उद्धार सकाळी वर्गातल्या कुणावर तरी निघतो.

शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असावेत, असे हाच कायदा सांगतो. तेव्हा पेटी दरमहा या पालक सदस्यांसमोर उघडावी, ती कॅमेऱ्यापासून दूर, पाणी प्यायच्या नळांकडे जाणाऱ्या वाटेवर लावावी, आणि शिक्षकांनाही तीत निनावी चिठ्ठी टाकण्याची मुभा असावी. विनाअनुदानित शाळांत हे काम पालक-शिक्षक संघाने करावे. महापालिकेच्या शिक्षण विभागाने आपल्या शाळांच्या तपासणीत पेटी आहे का, एवढेच न विचारता ती शेवटची कधी उघडली, हेही विचारावे.

एक निवृत्त शिक्षिका, पुणे