अलेक्झांड्रातील मागच्या खोल्या

महोदय,

जोहान्सबर्गची अलेक्झांड्रा वस्ती 1912 साली वसली, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या जमीनखरेदीवर गदा आणणाऱ्या 1913 च्या कायद्याच्या आधी. त्यामुळे तेथे काही कुटुंबांच्या नावावर स्वतःची जमीन होती, जी पुढे वर्णभेदी राजवटीने हिरावून घेतली. आज सँडटन या श्रीमंत उपनगराचे उंच मनोरे तेथून हाकेच्या अंतरावर आहेत, आणि ज्युक्स्की नदीच्या काठी मात्र पत्र्याच्या खोल्यांत पुराचे पाणी शिरते.

2000 साली ग्रूटबूम खटल्यात दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने निवाऱ्याच्या हक्काबाबत ऐतिहासिक निकाल दिला. तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या आयरीन ग्रूटबूम 2008 मध्ये वारल्या, तेव्हाही झोपडीतच राहत होत्या! निकालाने सरकारला धोरण आखायला लावले, घराची किल्ली मात्र हाती दिली नाही.

अलेक्झांड्रात 2001 पासून पुनर्विकास योजनेतून घरे उभी राहिली, हे मान्यच करायला हवे. मात्र कामाच्या शोधात येणाऱ्यांचा ओघ थांबलेला नाही, आणि घरांच्या मागील अंगणांत भाड्याच्या खोल्या दाटीने उठल्या आहेत. माझ्या मते त्यांना निव्वळ अतिक्रमण म्हणणे अन्यायाचे आहे, कारण घरमालकिणीचा घरखर्च त्या भाड्यावर चालतो आणि भाडेकरूला कामाच्या जवळ राहता येते. त्या पाडण्याऐवजी प्रशासनाने तेथे नळ, संडास आणि वाढत्या लोकसंख्येला पुरेल अशी सांडपाण्याची वाहिनी आधी द्यावी.

– एक वाचक, ठाणे