आयातशुल्काचा अधिकार गेला कसा?

संपादक महोदय,

अमेरिकेच्या आयातशुल्कवाढीविषयी गेल्या काही काळात जे लेखन प्रसिद्ध होत आहे, त्यातील बहुतेकांचा सूर असा असतो की, हा सारा डोनाल्ड ट्रम्प यांच्या लहरी स्वभावाचा खेळ आहे. लहर आहे, हे मान्य. परंतु एका माणसाच्या लहरीला कायद्याचे बळ कोठून मिळाले, हे मात्र क्वचितच विचारले जाते. अमेरिकेच्या राज्यघटनेतील पहिल्या कलमाच्या आठव्या खंडाने कर आणि आयातशुल्क बसवण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधिगृह मिळून होणाऱ्या तेथील संसदेला दिलेला आहे, अध्यक्षाला नव्हे. तो अध्यक्षांनी हिसकावून घेतला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. काँग्रेसने तो स्वतःच्या हाताने, आणि प्रारंभी तरी चांगल्या हेतूने, दुसऱ्याच्या स्वाधीन केला.

यादवी युद्धापूर्वी संघराज्याच्या तिजोरीतील बहुतांश महसूल आयातशुल्कातून येत असे, त्यामुळे त्याचे दर हा काँग्रेसमधील भांडणाचा कायमचा विषय होता. १८२८ चे दर दक्षिणेकडील राज्यांना इतके जाचक वाटले की, साउथ कॅरोलायना राज्याने १८३२ मध्ये तो कायदा आपल्या हद्दीत रद्दबातल असल्याचे जाहीर केले. ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ च्या शपथविधीच्या भाषणात ज्यांचा गौरव केला, त्या विल्यम मॅकिन्ली यांच्या नावाचा आयातशुल्कवाढीचा १८९० चा कायदाही मॅकिन्लींनी अध्यक्ष म्हणून नव्हे, तर ओहायो राज्यातून प्रतिनिधिगृहात निवडून आलेले सदस्य म्हणून आणला होता. त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाचे पानिपत झाले आणि स्वतः मॅकिन्लीही पडले. पुढे अध्यक्ष झाल्यावर, ५ सप्टेंबर १९०१ रोजी बफेलो येथे, त्यांनी परस्पर सवलतींच्या व्यापारी करारांची बाजू घेतली. दुसऱ्याच दिवशी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यांच्या या उत्तरार्धाची आठवण आज त्यांचे भक्त काढत नाहीत.

या साऱ्याला वळण लागले ते सिनेटर स्मूट आणि प्रतिनिधिगृहाचे सदस्य हॉले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९३० च्या आयातशुल्क कायद्यामुळे. शेतमालाला संरक्षण देण्यासाठी निघालेले हे विधेयक दोन्ही सभागृहांतून फिरत गेले, तसतसा प्रत्येक सदस्य आपल्या मतदारसंघातील कारखान्याच्या पोळीवर तूप ओढत गेला आणि शेवटी शेकडो वस्तूंवरील दर वाढले. एक हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी नकाराधिकार वापरण्याची विनंती करूनही अध्यक्ष हूवर यांनी १७ जून रोजी त्यावर सही केली. महामंदी या कायद्यामुळे आली, हा समज चुकीचा आहे. शेअर बाजार आधीच, ऑक्टोबर १९२९ मध्ये कोसळला होता. मात्र अनेक वस्तूंवरील शुल्क किमतीच्या टक्केवारीत नसून दर पौंडामागे ठरावीक सेंट असे असल्याने, मंदीत भाव पडू लागताच त्याचा बोजा आपोआप वाढत गेला. १९३२ मध्ये शुल्कपात्र मालावरील सरासरी दर सुमारे ५९ टक्क्यांवर पोहोचला होता. कॅनडाने प्रत्युत्तर दिले. स्मूट आणि हॉले हे दोघेही १९३२ मध्ये आपापल्या जागा गमावून बसले.

हात दाखवून असे अवलक्षण झाल्यावर, १९३४ मध्ये परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांच्या आग्रहाने काँग्रेसने अध्यक्ष रूझवेल्ट यांना इतर देशांशी करार करून असलेले दर त्यांच्या ५० टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करण्याचा अधिकार, तोही तीन वर्षांपुरता, दिला. साऱ्या देशाचा मतदार ज्याला निवडून देतो, तो एखाद्या जिल्ह्यातील कारखानदाराच्या दबावाखाली येणार नाही, हा त्यामागील विचार. दर उतरवण्यासाठी तो बरीच वर्षे खराही ठरला.

पण मग १९६२ च्या कायद्याने राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली आयातीवर बंधने घालण्याची मुभा दिली, तिच्या आधारे २०१८ मध्ये कॅनडासारख्या मित्रदेशाच्या पोलादावरही २५ टक्के शुल्क लागले. १९७७ चा आणीबाणीविषयक आर्थिक अधिकारांचा कायदा तर शत्रुराष्ट्रांची मालमत्ता गोठवण्यासारख्या कामांसाठी वापरला जात असे. त्यात आयातशुल्क हा शब्दच नाही आणि २०२५ मध्ये ट्रम्प यांनी आणीबाणी जाहीर करून त्याचा वापर करेपर्यंत एकाही अध्यक्षाने त्यातून शुल्क बसवले नव्हते.

कलमांचा अर्थ लावणे हा न्यायालयांचा अधिकार. माझ्या मते खरी गोम वेगळीच आहे. आणीबाणी केवळ दोन्ही सभागृहांच्या ठरावाने, अध्यक्षांच्या सहीविना संपवता येईल, अशी तरतूद १९७६ च्या राष्ट्रीय आणीबाणी कायद्यात होती. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चढ्ढा खटल्यात अशा प्रकारचा संसदीय नकाराधिकार घटनाबाह्य ठरवला. त्यानुसार १९८५ मध्ये कायदा बदलल्यापासून असा ठराव अध्यक्षांकडे सहीसाठी जातो आणि त्यांनी तो फेटाळल्यास दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. म्हणजे अधिकार द्यायला साधे बहुमत पुरले, परत घ्यायला मात्र ते पुरत नाही.

एवढ्यावरही समाधान झाले नाही. कॅनडावरील शुल्कासाठी जाहीर केलेली आणीबाणी संपवण्याचा ठराव सिनेटने २ एप्रिल २०२५ रोजी ५१ विरुद्ध ४८ मतांनी संमत केला खरा. परंतु असे ठराव ठरावीक दिवसांत मतदानाला घ्यावे लागतात, म्हणून प्रतिनिधिगृहाने मार्चमध्येच असा नियम करून ठेवला होता की, या मुदतीपुरते त्या अधिवेशनाचे उरलेले दिवस ‘दिवस’ म्हणून मोजलेच जाऊ नयेत. अध्यक्षांविरुद्ध मत देण्याची वेळच येऊ नये, म्हणून निवडून आलेल्या सभागृहाने कॅलेंडरच थांबवले होते.

आपला,
एक नियमित वाचक