काका, तुम्ही शेवट सांगितला नाहीत

प्रिय काका,

परवा फोनवर आभार मानायला गेले आणि शब्दच फुटेना. तुम्हीच "राहू दे गं" म्हणून फोन ठेवलात. म्हणून आता लिहितेय. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण ज्यांनी मला दीड वर्ष टोलवलं त्यांच्याही हे वाचनात यावं असं मला मनापासून वाटतं.

माझा दादा भयकथांचा आणि तलवार-जादूच्या गोष्टींचा वेडा होता. पुस्तकं, कॉमिक्स, सिनेमे, काही सोडायचा नाही. मी मात्र त्या वाटेला कधी गेले नाही. मुखपृष्ठावरच्या कवट्या आणि साप दिसू नयेत म्हणून त्याचं पुस्तक पालथं घालून ठेवणारी मी. तो अंथरुणाला खिळला तेव्हा वाचणंही जमेना. मग रोज संध्याकाळी तो मला एक गोष्ट सांगायला लागला, दम पुरेल तेवढीच, तुकड्यातुकड्यानं. नावं त्यानं काढून टाकली होती. नायक म्हणजे नुसता 'चोर', त्याला वाटेत भेटलेला दुसरा चोर 'जाड्या', आणि मनोऱ्यातला जादूगार 'तो वरचा'. जाड्याकडे मेलेल्या बायकांच्या केसांचा वळलेला दोर असतो. ते सांगताना दादानं माझी वेणी हातात धरली आणि म्हणाला, "एवढा जाड." मी ओरडले आणि तो खोकत खोकत हसला. त्याचं ते हसू मला अजून ऐकू येतं.

तो चोर रत्न चोरायला मनोऱ्यात शिरतो, एका खोलीत येतो, आणि तिथं बसलेलं असतं हिरव्या अंगाचं, हत्तीच्या डोक्याचं काहीतरी. आंधळं. त्याची सोंड पुढे येते आणि चोराच्या चेहऱ्यावरून, खांद्यांवरून फिरते. अगदी हलकी, मुलीच्या हातासारखी. दादा तिथं थांबला. "उरलेलं उद्या."

त्यानंतर तो आठ दिवस होता. दर संध्याकाळी मी विचारलं आणि दर संध्याकाळी तो म्हणाला, उद्या.

तो गेल्यावर मला दुसरं काही नको होतं, ती गोष्ट हवी होती. नाव ठाऊक नाही, लेखक ठाऊक नाही, पुस्तकांपैकी निम्मी आधीच कुणाकुणाकडे गेलेली. जे जे या विषयातले जाणकार म्हणून सांगितले गेले त्यांना मी गाठलं. एकानं माझं बोलणं पुरतं ऐकण्याआधीच माझी परीक्षा घेतली. अमका चित्रकार माहीत आहे का, तमका अंक पाहिलाय का? नाही म्हटल्यावर, "मग तुम्हाला सांगून काय उपयोग?" दुसऱ्याच्या कपाटात शेकडो अंक होते, प्रत्येक प्लास्टिकमध्ये बंद. त्यानं सगळं लिहून घेतलं, तीन महिने फोन उचलला नाही, आणि शेवटी म्हणाला की एवढ्यासाठी पाकिटं उघडणं परवडत नाही. तिसरा सिनेमावाला. त्यानं छातीठोकपणे सांगितलं की हे १९८२ च्या 'कॉनन द बार्बेरियन'मधलं आहे. मनोरा, दोर, रत्न, सगळं त्यात आहे, फक्त तिथं हत्ती नाही, अजगर आहे. "आजारी माणूस होते, घोळ झाला असेल त्यांचा." हे वाक्य मी विसरणार नाही. माझ्या दादाला उठून बसता येत नव्हतं, पण गोष्टीत त्याचा घोळ कधी झाला नाही. आणि बायकांचा या साहित्याशी संबंध काय, असं तोंडावर विचारणारेही भेटले. ज्या 'वीअर्ड टेल्स' मासिकातून हे सारं वाढलं त्याच मासिकात १९३४ साली सी. एल. मूर नावाच्या बाईनं तलवार चालवणारी नायिका उभी केली होती, हे तेव्हा मला माहीत असतं तर बरं झालं असतं. ते तुम्ही नंतर सांगितलंत.

मग फोनवर तुमच्याशी बोलणं झालं. तुम्ही मला एकच प्रश्न विचारलात. "मनोऱ्याभोवतीच्या बागेतले सिंह डरकाळी फोडत होते का गं?"

मी म्हटलं, नाही. ते आवाजच करत नव्हते. त्या जागी दादासुद्धा कुजबुजून बोलायचा.

फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग तुम्ही म्हणालात, "सापडली."

त्या दिवशी तुम्ही दोन तास बोललात आणि माझ्यासमोर दादाचं सगळं जग उलगडून ठेवलंत. एकदाही "हे तर सगळ्यांना माहीत असतं" असं म्हणाला नाहीत. गोष्टीचा लेखक रॉबर्ट ई. हॉवर्ड. अमेरिकेत टेक्सासमधल्या क्रॉस प्लेन्स नावाच्या लहान गावात राहणारा, ३० व्या वर्षी, १९३६ साली गेलेला. 'द टॉवर ऑफ द एलिफंट' ही गोष्ट 'वीअर्ड टेल्स' मासिकाच्या मार्च १९३३ च्या अंकात आली. माझा 'चोर' म्हणजे कॉनन, आणि ही त्याच्या अगदी तरुणपणीची गोष्ट, राजा व्हायच्या कितीतरी आधीची. ती पुढे कॉमिक्समध्ये दोनदा आली, एकदा १९७१ मध्ये रंगीत आणि एकदा १९७७ मध्ये काळी-पांढरी. दादानं कुठली पाहिली असेल, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, केसांच्या दोरावर एवढा जीव होता तर काळी-पांढरीच असणार, पण हा माझा अंदाज. मग त्या अंकांबद्दल सांगितलंत. १९५४ साली अमेरिकेत कॉमिक्ससाठी आचारसंहिता आली, भयकथांची कॉमिक्स त्यात जवळपास संपली, पिशाच्चं आणि नरलांडगे १९७१ पर्यंत हद्दपार झाले. मोठ्या आकाराची काळी-पांढरी मासिकं मात्र त्या संहितेच्या कक्षेबाहेर होती, म्हणून त्यांत अंधार मोकळेपणानं काढता यायचा. 'अंधार मोकळेपणानं' हे तुमचे शब्द. मी ते लिहून ठेवलेत.

हॉवर्डच्या घरातलंही तुम्ही सांगितलंत. त्याची आई वर्षानुवर्षं क्षयानं आजारी होती. तो त्याच घरात राहायचा, तिचं करायचा आणि लिहायचा. मी नुसतं "हं" म्हटलं. तुम्ही त्याहून पुढे गेला नाहीत, लगेच विषय बदललात. तेव्हा लक्षात आलं नव्हतं, आता येतंय.

पण काका, मला आभार मानायचे आहेत ते या माहितीसाठी नाहीत. माहिती आज ना उद्या कुठूनतरी मिळाली असती. आभार त्या दोऱ्यासाठी.

तुमचं पाकीट आलं. आत तुमचं स्वतःचं पुस्तक, कडा पिवळ्या पडलेलं, कण्यावर चिकटपट्टी. गोष्टीच्या मध्यावर कागदाची बारीक पट्टी घातलेली. तिच्या पुढची पानं, गोष्ट संपेपर्यंतची, तुम्ही पांढऱ्या शिवणाच्या दोऱ्यानं बांधली होती. दोनदा गुंडाळून, वरच्या बाजूला अगदी सैल गाठ, पानाला वळ पडू नये अशी. पट्टीवर पेन्सिलीनं लिहिलेलं: "तुझा दादा इथं थांबला. पुढचं तुझ्या सवडीनं. घाई नाही."

मी पट्टीच्या वरची ओळ पाहिली. सोंड चेहऱ्यावरून फिरते, ती ओळ. तुम्ही नेमकी तीच जागा शोधून काढली होती. मी फोनवर बोलता बोलता सांगितलेलं एक वाक्य लक्षात ठेवून, पानं चाळून, बोट ठेवून.

ज्यांना शेवट माहीत असतो त्यांना तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. गोष्ट कळली रे कळली की "अगं, मग तो मरतो" म्हणून मोकळे होतात. फोनवर "सापडली" म्हणालात तेव्हा सगळा शेवट तुमच्या जिभेवर असणार. दोन तास तो तुम्ही जिभेवरच ठेवलात.

हे साहित्य आपल्यापर्यंत पोचलं तेच मुळी अशा माणसांमुळे, असं मला आता वाटायला लागलंय. हॉवर्ड आणि भयकथा लिहिणारा लव्हक्राफ्ट यांचा पत्रव्यवहार १९३० पासून हॉवर्ड जाईपर्यंत चालला, पानंच्या पानं, आणि दोघं एकदाही प्रत्यक्ष भेटले नाहीत. ग्लेन लॉर्ड नावाच्या वाचकानं हॉवर्डची विखुरलेली हस्तलिखितं आयुष्यभर शोधली, आणि ती कपाटात बंद न करता छापली, अभ्यासकांना दिली. 'तलवार आणि जादू' हे या प्रकाराचं नावसुद्धा १९६१ साली चाहत्यांच्या हौशी नियतकालिकांतून आलं. मायकल मूरकॉक या लेखकानं या प्रकाराला नाव हवं म्हणून विचारलं, फ्रिट्झ लायबर या दुसऱ्या लेखकानं सुचवलं. कुणीतरी विचारलं आणि कुणीतरी नीट उत्तर दिलं. प्लास्टिकच्या पाकिटात बंद ठेवणाऱ्यांनी यात काय भर घातली ते मला खरंच कुणीतरी सांगावं.

आता वाचणाऱ्यांना विनंती. ज्यांनी ही गोष्ट वाचलेली नाही आणि ज्यांना वाचायची आहे, त्यांनी इथं थांबावं. काकांनी माझ्यासाठी जे केलं ते मी तुमच्याबाबतीत मोडणार नाही.

काका, दोरा मी अकरा दिवस सोडला नाही. रोज रात्री पुस्तक उशाशी घ्यायचे आणि गाठीवर बोट ठेवायचे. वाचलं की दादानं सांगायचं काही उरणार नाही, अशी भीती होती. बाराव्या रात्री सोडला.

हत्तीच्या डोक्याचा तो जीव दुसऱ्या ग्रहावरून पंखांनी उडत आलेला. पंख केव्हाच वाळून गेलेत. जादूगारानं त्याची विद्या शिकून घेतली आणि ३०० वर्षं त्याला गुलाम करून छळलं, डोळे घालवले, हातपाय मोडले. हे पाहून त्या दांडगट चोराला, ज्यानं आयुष्यात कशाची लाज बाळगली नाही, साऱ्या मनुष्यजातीचं पाप आपल्या माथी आल्यासारखं वाटतं. आणि तो जीव त्याच्याकडे एकच गोष्ट मागतो. तलवार चालव, मला मोकळं कर.

हे दादाला मला सांगायचं नव्हतं. आठ संध्याकाळी 'उद्या' म्हणत राहिला तो यासाठी. त्याच्या अंगात तेव्हा काय दुखत नव्हतं? आणि समोर मी बसलेली, वेणी पुढे घेऊन, आता काय होणार म्हणून डोळे मोठे करून. त्याच्या तोंडून ते मागणं मी ऐकलं असतं तर गोष्टीतलं म्हणून ऐकलंच नसतं.

तुम्हाला हे कळलं होतं ना? दादा गेलाय हे तुम्हाला ठाऊक होतं, कसा गेला ते मी सांगितलं होतं, आणि पुढच्या पानावर काय आहे हे तुम्ही कित्येकदा वाचलेलं. म्हणून तो दोरा. हे मी एकटीनं, माझ्या वेळेला, कुणी बघत नसताना वाचावं म्हणून. आणि त्याच्याही पुढचं पान माझ्यापर्यंत पोचावं म्हणूनही. तिथं चोर त्याचं ऐकतो, सांगितल्याप्रमाणे ते रत्न जादूगारापुढे नेऊन ठेवतो, जादूगार लहान लहान होत त्या रत्नात ओढला जातो, आणि रत्नाच्या आत तो हिरवा जीव दिसतो. पंख पुन्हा फुटलेले, डोळे शाबूत, हातपाय धड, जादूगाराच्या मागे झेपावणारा.

हे मी चार वेळा वाचलं. मोठ्यानं वाचलं, दादा सांगायचा तसं, सिंहांच्या जागी कुजबुजत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

आता घरात उरलेली त्याची पुस्तकं मी सरळ करून ठेवलीत, मुखपृष्ठं वर. त्यातलं सी. एल. मूरचं एक सापडलं, तेच आधी घेतलंय.

तुमचं पुस्तक पुढच्या आठवड्यात घेऊन येते. कण्यावरची चिकटपट्टी सुटत आली होती, ती नीट लावून घेतलीय, पट्टी होती त्याच पानावर आहे. दोरा मात्र माझ्याकडे राहू दे.

तुमची,
सिंहांच्या गोष्टीवाली