ताई, 'गोळी किती वाजता घेते?' या प्रश्नासाठी

ताई,

31 तारखेला तुम्ही रुग्णालयातल्या समाजसेवेच्या कामातून निवृत्त होताय असं कळलं. निरोपसमारंभात मला बोलायला उभं केलं तर दोन वाक्यांपुढे जमायचं नाही, रडू येईल. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. मानसशास्त्रात बीए झालं, आता पुढे काय, या प्रश्नाशी अडलेली कितीतरी मुलं-मुली मला भेटतात. तुम्ही मला जे दिलंत ते त्यांच्यापर्यंतही पोचावं असं फार वाटतं.

टीवायला, म्हणजे बीएच्या शेवटच्या वर्षाला असताना आमची अभ्यासभेट तुमच्या रुग्णालयात आली होती. डॉक्टर आजारांबद्दल बोलले, ते थोडंफार पुस्तकात वाचलेलं होतं. मग तुम्ही उठलात आणि म्हणालात, "पेशंटला डिस्चार्ज मिळाला. आता त्याला न्यायला कोण येणार? कुणीच आलं नाही तर? माझं काम इथून सुरू होतं." मी वहीत काहीच लिहिलं नाही, नुसती ऐकत राहिले. भेट संपल्यावर सगळे बसकडे निघाले आणि मी तुमच्या खोलीच्या दारात थांबले.

त्या दिवसांत मी पार खचले होते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं होतं. पण त्यासाठी आधी एमए, मग प्रवेशपरीक्षा, मग मान्यताप्राप्त संस्थेत दोन वर्षांचं एमफिल आणि त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी. जागा अगदी मोजक्या. घरची परिस्थिती एवढी वर्षं धीर धरणारी नव्हती. एमएसडब्ल्यूचं, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचं नाव काढलं तर आई म्हणायची, "समाजसेवा करायला एवढं शिकायचं कशाला?" तिला वाटायचं, हे बिनपगारी काम. तुम्ही तिच्याशी फोनवर अर्धा तास बोललात. मुंबईत 1936 पासून या कामाचं रीतसर शिक्षण मिळतं, जे. जे. रुग्णालयात 1946 साली पहिली नेमणूक झाली, सरकारी दवाखान्यात 'समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)' असं पगारी पद असतं, हे सगळं तिला सांगितलंत. एमएसडब्ल्यूला कुठलीही पदवी चालते, समाजकार्याचीच पदवी (बीएसडब्ल्यू) लागते असं नाही, हे मलाही तेव्हाच कळलं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना मी दोनदा चुकले, दोन्ही वेळा तुम्ही फोनवर थांबून तो दुरुस्त करून घेतलात. तुमची माझी ओळख तेव्हा जेमतेम तीन महिन्यांची.

पुढे एमएसडब्ल्यूच्या फील्ड वर्कला, म्हणजे प्रत्यक्ष काम शिकायला, तुमच्याच हाताखाली आले. आठवड्यातले दोन दिवस. पहिल्या महिन्यातली ती केस मी आजही विसरलेले नाही. (त्यांची ओळख पटू नये म्हणून गाव आणि वय लिहीत नाही.) ऊसतोड कामगार बाई, स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचं निदान, औषधं थांबवल्यामुळे दुसऱ्यांदा भरती. मी चार पानी रेकॉर्डिंग, म्हणजे केसची नोंद, लिहिलं. आजाराची जाणीव नाही, नकाराची अवस्था, औषधांबद्दल प्रतिकूल वृत्ती. एकेक शब्द अभ्यासक्रमातला. लिहून झाल्यावर मला फार समाधान वाटलं होतं.

तुम्ही चारही पानं नीट वाचलीत. मग लाल पेनाने खाली एवढंच लिहिलंत: "गोळी किती वाजता घेते? पहाटे किती वाजता उठते?"

मी परत वॉर्डात गेले. त्यांच्या नवऱ्याने सांगितलं की गोळी रात्री दहाला, आणि पहाटे तीनला फडात. कधी मध्यरात्रीच गाडी भरायला उठावं लागतं. गोळीची गुंगी असायची, डोक्यावर मोळी घेऊन फळीवर चढताना त्या दोनदा पडल्या. खाडा झाला तर पैसे कापले जातात, आणि उचल (मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेले पैसे) दोघांच्या नावावर, म्हणजे एक माणूस बसला की अख्खा कोयता, नवरा-बायकोची जोडीच बसली. शिवाय दिवाळीच्या सुमारास गाव सोडलं की पाडव्यापर्यंत परतणं नाही. दर महिन्याला आमच्या ओपीडीला यायचं कसं? गोळ्या त्यांनी विचार करून बंद केल्या होत्या. मी मात्र त्यांच्या मनात कारण शोधत बसले होते.

तुम्ही त्यावर जे केलंत ते मी शेजारी उभी राहून पाहिलं. डॉक्टरांना कामाच्या वेळा सांगितल्यात, त्यांनी कमी गुंगीचं औषध दिलं आणि वेळ संध्याकाळची करून दिली. कारखाना ज्या जिल्ह्यात होता तिथल्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीमला फोन केलात, चिठ्ठी दिलीत. मजूर नेणाऱ्या मुकादमाला आजाराचं नाव कळता कामा नये, हेही नवऱ्याला बजावलंत. मी म्हटलं, सांगितलं तर तो हलकं काम देईल. तुम्ही म्हणालात, "किंवा पुढच्या वर्षी उचलच देणार नाही. हे ठरवायचा अधिकार तुझा नाही, त्या बाईंचा आहे." 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क लिहिलेला आहे, तो मी परीक्षेसाठी पाठ केला होता. तो पाळायचा कसा, हे त्या दुपारी दिसलं.

त्या रात्री मी तुम्हाला मेसेज केला होता की बीएची तीन वर्षं फुकट गेली. तुमचं उत्तर मी अजून जपून ठेवलंय: "फुकट कशी? मला ते येत नाही, तुला येतं. फेकू नकोस."

त्याचा अर्थ नोकरी लागल्यावर कळला. आता मी घरगुती हिंसाचाराच्या केसेस बघते. मागच्या वर्षी एका बाईंनी मारहाणीची एकच घटना तीन ठिकाणी तीन प्रकारे सांगितली. क्रम उलटसुलट, मधला भाग गायब. चौकीत त्यांना खोटारडी ठरवलं गेलं. जबर भीतीत घडलेल्या प्रसंगाची आठवण अशीच तुकड्यातुकड्यांनी येऊ शकते, हे मी शिकले होते. त्यामुळे मी घाई केली नाही. चार बैठका घेतल्या, आधी त्यांना नीट झोप लागेल एवढं बघितलं, मग दवाखान्याचा केस पेपर आणि शेजारणीचं म्हणणं जोडून तारखा लावल्या. त्यानंतर घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे घडल्या प्रकाराचा घरगुती घटना अहवाल भरला गेला. त्या बाईंचा अर्ज कोर्टात उभा राहू शकला. त्या दिवशी तुम्हाला फोन केला, तुम्ही ओपीडीत होतात, "शाब्बास गं" एवढंच म्हणालात आणि ठेवलात. मला ते पुरलं.

ताई, मी ज्यांच्यासमोर बसते त्या प्रत्येक बाईला आधी विचारते, इथे कशा आलात, भाडं किती पडलं, घरी पोरांजवळ कोण आहे. मग बाकीचं.

31 तारखेला सकाळच्या एसटीने निघते, दुपारच्या सुट्टीपर्यंत पोचेन. दोन वर्षं तुमच्या डब्यातलं जेवले आहे, त्या दिवशी डबा आणू नका. आईने कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून द्यायचं कबूल केलंय. तिनेच सांगितलंय, ताईंना माझा नमस्कार सांग.

तुमची,
फील्ड वर्कची विद्यार्थिनी