मेंदूला मार लागलेल्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची नोंद जपा, पण त्यावर निकाल लावू नका

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

उसाचा हंगाम सुरू झाला की निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी या पट्ट्यात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि त्यांच्यामागोमाग डोक्याला मार लागलेले पेशंट येऊ लागतात. मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली, रात्रीचा अंधार आणि हेल्मेट घरी ठेवून निघालेला दुचाकीस्वार. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची. जे जीव वाचून आयसीयूत पडून राहतात त्यांची आणि त्यांच्या घरच्यांची गणती या आकड्यात नाही. बेळगावात आयसीयूत परिचारिका म्हणून माझी उमेदीची सगळी वर्षे गेली, म्हणून त्यांच्याविषयी लिहिते आहे.

नातेवाईकांना आत पाच मिनिटे सोडले की त्यांची नजर आधी मॉनिटरवर जाते. ‘सिस्टर, ठोके बरोबर पडालेत न्हवं?’ हा प्रश्न ठरलेला. आकडा ७२ दिसला की जिवात जीव येतो. खरे तर मेंदूचा मार कितपत आहे हे त्या ७२ वरून फारसे कळत नाही. थोडाफार अंदाज येतो तो दोन ठोक्यांमधल्या अंतरावरून.

नाडी मिनिटाला ६० असली तरी प्रत्येक ठोका नेमका एका सेकंदाने पडत नाही. एक अंतर ०.९४ सेकंद, पुढचे १.०५, त्यापुढचे ०.९८. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना सावकाश. हृदयाला त्याच्या मर्जीवर सोडले तर ते शंभराच्या आसपास धावेल. व्हेगस नावाची नस, म्हणजे मज्जातंतू, लगाम धरून त्याला आवरते आणि क्षणाक्षणाला तो लगाम सैल-घट्ट करत असते. ही नस ब्रेनस्टेममधून, म्हणजे मेंदूच्या देठातून, निघते. मेंदूला सूज येऊन कवटीतला दाब वाढला की लगाम धरणारा हातच दुबळा होतो. ठोके पडत राहतात, पण एकसारख्या अंतराने. मेंदूमृत्यू झालेल्या पेशंटमध्ये तर अंतरांतला हा चढउतार (डॉक्टरांच्या भाषेत हार्ट रेट व्हेरिएबिलिटी) जवळजवळ नाहीसा होतो. तिथे अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन, जे एरवी लगाम सैल करून ठोके वाढवते, ते दिले तरी ठोके वाढत नाहीत, कारण सैल करायला लगामच उरलेला नसतो. म्हणजे ज्या ‘अगदी सारख्या’ ठोक्यांनी घरच्यांना धीर येतो, तेच कधी कधी सर्वांत काळजीचे असतात.

ही विद्या कालची नाही. पोटातल्या बाळाची घुसमट सुरू झाली की ठोक्यांचा आकडा बदलण्याआधी त्यांच्यातले अंतर बदलते, हे हॉन आणि ली या संशोधकांनी १९६० च्या दशकातच दाखवले. १९८७ मध्ये क्लायगर आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ८०८ पेशंटांची चोवीस तासांची नोंद तपासली. ज्यांच्या ठोक्यांतला चढउतार ५० मिलिसेकंदांहून कमी होता, त्यांना मृत्यूचा धोका १०० च्या वर असलेल्यांपेक्षा पाचपटीहून जास्त निघाला. मोजायचे कसे याचे नियम १९९६ मध्ये ठरले. मेंदूच्या इजेतही चढउतार फार घटलेले पेशंट पुढे जास्त दगावतात किंवा कमी सुधारतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण हे अभ्यास बहुतेक लहान आहेत आणि प्रत्येकाची मोजण्याची रीत वेगळी आहे.

तरी आम्हा परिचारिकांना याचे मोल लगेच पटावे. बेशुद्धी मोजायला आपण १९७४ पासूनची ग्लासगो कोमा स्केल वापरतो: डोळे, बोलणे, हालचाल, ३ ते १५ गुण. पण घशात नळी असलेला पेशंट बोलणार कसा? झोपेचे औषध चालू असताना डोळे उघडणार कसा? अशा वेळी पेशंटकडून काहीही करून न घेता मेंदूची खबर देणारी ही एक खूण आहे, आणि त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. प्रत्येक बेडजवळच्या मॉनिटरवर ईसीजी रात्रंदिवस धावत असतो. आम्ही त्यातला एक आकडा तासातासाला केसपेपरवर लिहितो, आणि पेशंट हलवला की बाकीची नोंद पुसली जाते. याची मला आजही हळहळ वाटते.

माझी विनंती आपल्या शहरातल्या संस्थांना आहे. जिल्हा रुग्णालयाला जोडलेले बिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, केएलईचे मोठे रुग्णालय आहे, विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय इथेच आहे. डॉक्टर, इंजिनिअर आणि पेशंट एकाच गावात असताना हे काम इथे का होऊ नये? रोज ठरलेल्या वेळी पाच मिनिटांचे रेकॉर्डिंग जपून ठेवायचे, शेजारी ताप, मधुमेह आणि चालू औषधे लिहायची, आणि सहा महिन्यांनी पेशंट कुठवर आला हे घरच्यांना विचारायचे. पेशंट खानापूरचा असो, गोकाकचा असो की सीमेपलीकडच्या चंदगडचा, त्याला मराठीत किंवा कन्नडमध्ये एक फोन करणे अवघड नाही. बेळगावहून कोल्हापूर-मिरजेला पाठवलेल्यांची नोंदही त्यांच्याबरोबर गेली पाहिजे. आज बहुधा सीटीची फिल्म आणि एक चिठ्ठी तेवढी जाते.

औषधे लिहायची म्हणते, कारण झोपेच्या औषधांनी हा चढउतार दबतो, रक्तदाब-हृदयविकाराच्या बीटा ब्लॉकर गोळ्यांनी बदलतो. रक्तात जंतुसंसर्ग पसरला, मधुमेह जुना असला, वय झाले तरी तो कमी होतो. आणि एट्रियल फिब्रिलेशन या हृदयाची लय बिघडण्याच्या आजारात ठोके मुळातच वेडेवाकडे पडतात, तिथे हे गणित लागूच पडत नाही. प्रोपोफॉल हे झोपेचे औषध चालू असलेल्या पोराचा आकडा पाहून कोणी म्हणाले, ‘आता काही उपयोग नाही,’ तर तो अन्याय आहे.

भीती याचीच वाटते. आपल्याकडे पैसे संपत आले की घरचे आधार शोधतात, आणि एखादा कमी आकडा कानावर पडला की ‘आमच्या जबाबदारीवर नेतो’ या कागदावर सही होते. तो कागद इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये. येळ्ळूर-उचगावच्या आईला त्यातले किती वाचता येते, ते मी सही घेताना पाहिले आहे. व्हेंटिलेटर काढून नेलेला पेशंट गेला की ‘आकडा खरा ठरला’ असे म्हणायला सगळे मोकळे.

अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूरोलॉजीने २०१८ मध्ये डॉक्टरांना बजावले आहे की बेशुद्ध पेशंटच्या पहिल्या २८ दिवसांत ‘याचे काही खरे नाही’ अशा अर्थाचे बोलू नये. इजेनंतर वर्षभरातही सुधारणा होऊ शकते. आणि आपल्याकडे ५ मे २०२५ पासून लागू झालेली अपघातग्रस्तांची कॅशलेस योजना दीड लाखापर्यंत, पण सातच दिवस. ती आली हे फार चांगले झाले. मात्र आठव्या दिवशी बिलाची काळजी सुरू होते, आणि नेमक्या त्याच दिवशी घरचे विचारतात, ‘सिस्टर, आशा आहे की नाही ते एकदा सांगा.’ डोक्याच्या इजेसाठी ही मुदत २८ दिवसांपर्यंत वाढवावी, अशी मागणी आपल्या खासदारांनी दिल्लीत केली पाहिजे.

ज्यांचा माणूस आत्ता आयसीयूत आहे त्यांनी डॉक्टरांना न घाबरता विचारावे: झोपेचे औषध बंद होऊन किती वेळ झाला? अंदाज सांगताय तो कशाकशावरून? डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला प्रतिसाद देतात का, आणि सीटी पुन्हा केव्हा करणार? उत्तर समजले नाही तर मराठी येणाऱ्या सिस्टरला बोलावून घ्यावे. ती येते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
शहापूर, बेळगाव