स्कॉटलंडच्या मागणीला ‘फुटीर’ म्हणू नये

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या मागणीविषयी मराठी वृत्तपत्रांत जो मजकूर अधूनमधून येतो, त्यात ‘फुटीरतावादी’ हा शब्द फार सहजपणे वापरलेला दिसतो. आपल्या वृत्तपत्रातही तो मी अनेकदा वाचला आहे. मी वीस वर्षांहून अधिक काळ डंडी शहरात राहतो. माझे पारपत्र आजही भारताचे आहे आणि राष्ट्रकुलातील देशाचा येथे राहणारा नागरिक या नात्याने १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात मला मत होते. ते मी ‘नाही’च्या बाजूने, म्हणजे स्कॉटलंडने ब्रिटनमध्येच राहावे यासाठी दिले. स्वातंत्र्याच्या विरोधात मत दिलेला माणूसच या शब्दाला हरकत घेतो आहे, हे लक्षात घेऊन पुढील मजकूर वाचावा, अशी विनंती आहे.

त्या दिवशीचे आमचे मतदान केंद्र एका प्राथमिक शाळेत होते. भिंतींवर मुलांची चित्रे, कडेला सारून ठेवलेल्या बुटक्या खुर्च्या, आणि मतपत्रिकेवर फुली मारण्यासाठी दोरीने बांधलेली एक पेन्सिल. मतपत्रिकेवर एकच प्रश्न होता : स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का? आधीच्या मसुद्यात ‘असावा, हे तुम्हाला मान्य आहे का?’ अशी रचना होती. ती मतदाराला ‘होय’कडे झुकवते, असे निवडणूक आयोगाने सांगितले आणि स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या स्कॉटिश सरकारने ती विनातक्रार बदलली. मतदानाचे वय १६ वर्षांवर आणले होते, त्यामुळे माझा मुलगा शाळेच्या गणवेशातच माझ्याबरोबर रांगेत उभा होता. त्याने ‘होय’वर फुली मारली. घरी परतताना आम्ही दोघे पेन्शन, पौंड आणि उत्तर समुद्रातील तेल यांवर तावातावाने बोलत होतो. तशाच गप्पा त्या महिन्यात बसथांब्यावर आणि केस कापण्याच्या दुकानातही चालू होत्या. ८४.६ टक्के मतदान झाले. प्रौढ मताधिकार आल्यापासून ब्रिटनमधील कोणत्याही निवडणुकीत इतके मतदान झालेले नाही. ५५.३ टक्के ‘नाही’, ४४.७ टक्के ‘होय’ असा निकाल लागला. आमच्या डंडीने मात्र ५७ टक्क्यांहून अधिक ‘होय’ म्हटले होते. दुसऱ्या दिवशी स्कॉटिश सरकारचे तेव्हाचे प्रमुख अॅलेक्स साल्मंड यांनी पराभव मान्य करून पद सोडण्याची घोषणा केली. ज्या चळवळीने दोन्ही सरकारांच्या लेखी संमतीने, आयोगाने ठरवलेल्या शब्दांत प्रश्न विचारला आणि हरल्यावर निकाल स्वीकारला, तिला आपण काश्मीर किंवा खलिस्तानच्या बातम्यांतला शब्द लावतो, हे मला पटत नाही.

यामागे इतिहासाचे विस्मरण आहे, असे मला वाटते. आपल्याकडे ब्रिटनला सरसकट इंग्लंड आणि तेथल्या प्रत्येकाला इंग्रज म्हणण्याची सवय आहे. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि गिरगाव चौपाटीवरील कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते जॉन विल्सन हे दोघेही स्कॉटिश होते, पण आपल्या लेखी ते इंग्रजच राहिले. त्यामुळे स्कॉटलंडला इंग्लंडची वसाहत मानणेही चुकीचे ठरते, कारण साम्राज्य चालवण्यात आणि त्याचा लाभ घेण्यात स्कॉटिश माणूस बरोबरीने होता. १७०७ मध्ये इंग्लंडशी एक होताना स्कॉटलंड जिंकला गेला नाही. पनामाच्या डॅरिअन येथील वसाहतीत देशाचा पैसा बुडाल्यानंतर तेथील संसदेने, लोकांचा रोष पत्करून, स्वतःच्या विसर्जनाचा करार संमत केला. कायदा, न्यायालये, चर्च आणि शिक्षण या गोष्टी मात्र वेगळ्या राखून ठेवल्या, आणि त्या आजही वेगळ्याच आहेत. म्हणजे हे दोन राज्यांनी करारान्वये केलेले मीलन आहे. करारात सामील झालेल्याने तो पुन्हा तपासून पाहू म्हटले, तर त्यात फुटीरपणा कोणता?

आता मी ‘नाही’ का म्हटले, ते सांगतो. पौंड वाटून घेता येणार नाही, असे तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये जाहीर केले होते आणि त्यावर स्वातंत्र्यवाद्यांकडे समाधानकारक उत्तर नव्हते. तेलाच्या उत्पन्नावर बांधलेले हिशेब मला धोक्याचे वाटले. दीड वर्षाच्या आत तेलाचा भाव शंभर डॉलरच्या वरून तीस डॉलरच्याही खाली आला, तेव्हा माझी शंका खरी ठरली. तिसरे कारण युरोपचे होते. स्वतंत्र झालात तर युरोपीय संघाबाहेर पडाल, संघात राहायचे तर ब्रिटनमध्ये राहा, असे आम्हाला वारंवार सांगण्यात आले.

आमच्या शेजारी एक पोलिश कुटुंब राहत असे. २०१४ च्या सार्वमतात युरोपीय नागरिकांनाही मत होते आणि त्या गृहस्थांनी याच एका कारणासाठी ‘नाही’ म्हटले, हे त्यांनी मला आमच्या सामाईक जिन्यात उभे राहून सांगितले होते. दोनच वर्षांनी, २३ जून २०१६ रोजी, ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. स्कॉटलंडमधील ६२ टक्के मतदारांनी संघात राहण्याच्या बाजूने मत दिले होते, तरीही स्कॉटलंड बाहेर पडला. त्या मतदानात भारतीय पारपत्र असलेल्या मला मत होते. ज्यांचा संसार त्या निकालावर अवलंबून होता, त्या शेजाऱ्यांना नव्हते. निकालाच्या सकाळी ते त्याच जिन्यात भेटले. काय बोलावे ते मला सुचले नाही. आपण ज्या आश्वासनावर विसंबून मत दिले ते आश्वासनच राहिले नाही, ही जाणीव त्या सकाळपासून माझी पाठ सोडत नाही, आणि मला वाटते की २०१४ मध्ये ‘नाही’ म्हणणाऱ्या अनेकांची हीच स्थिती आहे.

मग प्रश्न पुन्हा विचारावा, असे कोणी म्हटले तर? २०१४ चे सार्वमत ही पिढीतून एकदाच येणारी संधी आहे, असे स्वातंत्र्यवाद्यांनी स्वतःच म्हटले होते, ही गोष्ट त्यांचे विरोधक आठवणीने सांगतात आणि त्यात तथ्य आहे. परंतु २०२१ च्या निवडणुकीत एडिंबरा येथील स्कॉटलंडच्या संसदेतील १२९ पैकी ७२ जागा नव्या सार्वमताचे वचन देणाऱ्या दोन पक्षांना, म्हणजे स्कॉटिश नॅशनल पार्टी आणि ग्रीन पक्षाला मिळाल्या. लंडनने संमती दिली नाही. २०१४ साठी स्कॉटलंडच्या संसदेविषयीच्या ब्रिटिश कायद्यातील कलम ३० नुसार सार्वमत घेण्याचा जो तात्पुरता अधिकार दिला गेला होता तो पुन्हा देण्यास थेरेसा मे, बोरिस जॉन्सन आणि त्यांच्यानंतरच्या पंतप्रधानांनी, हुजूर पक्षाच्या असोत की मजूर पक्षाच्या, नकारच दिला आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, केवळ सल्लास्वरूप सार्वमत घेण्यासाठीही लंडनची अनुमती लागेल. कायद्याच्या दृष्टीने हा निकाल मला योग्यच वाटतो. पण त्याने एक राजकीय प्रश्न उघडा पडला. हे मीलन ऐच्छिक आहे, असे ब्रिटनचा प्रत्येक पंतप्रधान सांगतो. त्यातून बाहेर पडावे की नाही, हे विचारण्याचा मार्ग मात्र कोठेही लिहून ठेवलेला नाही.

उत्तर आयर्लंडसाठी तो लिहिलेला आहे. १९९८ च्या शांतता करारानुसार, आयर्लंडशी एकीकरणाच्या बाजूने बहुमत होण्याची शक्यता दिसली तर ब्रिटिश सरकारच्या उत्तर आयर्लंडविषयक मंत्र्याला तेथे कौल घ्यावाच लागतो, आणि दोन कौलांमध्ये किमान सात वर्षांचे अंतर हवे. बंदुका खाली ठेवण्यासाठी हे कलम आले. ज्या स्कॉटलंडच्या आजच्या चळवळीने बंदूक उचललेली नाही, त्याला असा नियम का नसावा, हे मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेले नाही. १९७९ मध्ये स्कॉटलंडमध्ये घेतलेल्या कौलात स्वायत्त संसदेच्या बाजूने ५१.६ टक्के मते पडली होती. परंतु नोंदणी झालेल्या एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांचा पाठिंबा हवा, अशी अट लंडनच्या संसदेने कायद्यात घातली होती, त्यामुळे ती मते वाया गेली. पुढचा कौल १९९७ मध्ये झाला आणि तेव्हा ७४ टक्के लोक बाजूने होते. मधल्या अठरा वर्षांत मागणी विझली नाही, वाढलीच.

स्वातंत्र्यवाद्यांच्या चुकांकडे मी डोळेझाक करत नाही. साल्मंड यांच्यानंतर स्कॉटिश सरकारच्या प्रमुख झालेल्या निकोला स्टर्जन पायउतार झाल्यानंतर त्यांचा स्कॉटिश नॅशनल पार्टी हा पक्ष भरकटला, आणि जुलै २०२४ च्या निवडणुकीत लंडनच्या संसदेतील त्याच्या जागा अवघ्या ९ वर आल्या. चलन कोणते, युरोपीय संघात गेल्यास इंग्लंडच्या सीमेवर तपासणी कशी होणार, निम्म्याहून अधिक निर्यात ज्या उर्वरित ब्रिटनच्या बाजारात जाते त्याचे काय, यांची उत्तरे आजही कच्ची आहेत. उद्या मतदान झाले तर मी कोणत्या रकान्यात फुली मारीन, हे माझे मलाच नक्की सांगता येत नाही. माझा मुलगा आता नोकरीला लागला आहे, आणि त्याचे मत मात्र तसूभरही बदललेले नाही.

म्हणून आपल्याला विनंती आहे की, यापुढे या विषयावर लिहिताना ‘फुटीरतावादी’ऐवजी ‘स्वातंत्र्यवादी’ हा शब्द वापरावा आणि लंडनमधील पंतप्रधानांचा उल्लेख ‘इंग्लंडचे पंतप्रधान’ असा न करता ‘ब्रिटनचे पंतप्रधान’ असा करावा.

आपला,
एक वाचक,
डंडी, स्कॉटलंड