बाबा, तुमच्या निवडणूक ड्युटीची फार आठवण आली

मोंतेविदेओ, उरुग्वे
१ डिसेंबर २०२४

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मी येथे सुखरूप आहे. जूनमध्ये बोलिव्हियात लष्कराची चिलखती गाडी सरकारी वाड्यावर चालून गेल्याची बातमी आईने पाहिली, तेव्हापासून तिच्या मनातली भीती गेलेली नाही, हे फोनवरच्या तिच्या आवाजावरून मला कळते. पण आई, तो देश वेगळा आणि हा वेगळा. गेल्या रविवारी येथे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची दुसरी फेरी झाली. विरोधी आघाडीचे यामांदू ओर्सी निवडून आले, सत्तारूढ पक्षाच्या आल्वारो देल्गादो यांनी त्याच रात्री पराभव मान्य केला, आणि सोमवारी सकाळी मी नेहमीच्या बसने कामावर गेले. कुठे दगड पडला नाही, एकही दुकान बंद नव्हते.

बाबा, तुम्ही इतकी वर्षे केंद्राध्यक्ष म्हणून काम केले, म्हणून येथील मतदानाची पद्धत तुम्हाला सविस्तर लिहावी असे वाटले. मला स्वतःला ती समजायला दोन निवडणुका लागल्या. आपल्याकडे यंत्र येण्यापूर्वीही मतपत्रिका निवडणूक आयोगाची असे आणि तिच्यावर सगळे उमेदवार असत. येथे प्रत्येक पक्षाचा प्रत्येक गट आपला स्वतंत्र कागद छापतो. त्याला ‘लिस्ता’ म्हणतात आणि तिला एक क्रमांक असतो. लोकांच्या तोंडी हे क्रमांकच असतात. माजी राष्ट्राध्यक्ष होसे मुहिका यांच्या गटाचा क्रमांक ६०९, आणि ओर्सीही त्याच गटाचे. ऑक्टोबरच्या पहिल्या फेरीपूर्वी या याद्या रस्त्यावर वाटल्या जातात, दाराखालून घरात सरकवल्या जातात. एकाच कागदावर राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष, सिनेटर आणि प्रतिनिधी अशी सगळी नावे असतात, त्यामुळे राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि खासदार दुसऱ्या पक्षाचा अशी निवड करताच येत नाही. मतदार मेजावरून पाकीट घेतो, ‘गुप्त खोली’ म्हणवल्या जाणाऱ्या खोलीत जाऊन दार लावतो, आपली यादी पाकिटात घालतो आणि बाहेर येऊन ते पेटीत टाकतो. माझ्या शेजारच्या बाई सरकारी नोकरीत असल्याने यंदा अशाच एका मेजावर नेमलेल्या होत्या. दिवसभर उभे राहून पाय सुजल्याचे त्या सांगत होत्या, तेव्हा मतदान आटोपून मध्यरात्री एसटीने परतणारे तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर आलात.

याहून चमत्कारिक गोष्ट सार्वमताची. पहिल्या फेरीबरोबरच राज्यघटनेत दोन बदल करावेत का, असा प्रश्न होता. एक निवृत्तिवेतनाविषयी आणि दुसरा पोलिसांना रात्री घरझडतीची मुभा देण्याविषयी. त्यासाठी फक्त ‘होय’चा कागद असतो, ‘नाही’चा नसतोच. ज्याला बदल नको, त्याने तो कागद न घालताच पाकीट बंद करायचे. दोन्ही बदल फेटाळले गेले. मात्र २००४ साली याच मार्गाने पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे येथील लोकांनी घटनेत लिहून घेतले. आपल्या भागातले टँकर आठवून मी ते कलम पुन्हा पुन्हा वाचले.

बाकी रचना तुम्हाला सहज समजेल. देशाचे १९ विभाग, ९९ प्रतिनिधींचे एक सभागृह आणि ३० सिनेटरांचे दुसरे, ज्याचे अध्यक्षपद उपराष्ट्राध्यक्षांकडे असते. राष्ट्राध्यक्षाची मुदत पाच वर्षांची आणि तो लगेच पुन्हा उभा राहू शकत नाही. म्हणून लुइस लाकाये पोउ लोकप्रिय असूनही १ मार्चला पद सोडतील. १९५२ ते १९६७ या काळात तर येथे राष्ट्राध्यक्षच नव्हता. नऊ जणांचे मंडळ कारभार पाही आणि त्यातल्या तीन जागा विरोधकांना दिलेल्या असत. लष्कराची राजवट येथेही होती, हे मी आईपासून लपवत नाही. ती १९७३ ते १९८५ अशी बारा वर्षे चालली. पण त्याच लष्कराने आपली सत्ता पक्की करणारी घटना १९८० साली लोकांपुढे ठेवली, तेव्हा सुमारे ५७ टक्के लोकांनी ती नाकारली. तो दिवस ३० नोव्हेंबरचा होता. काल त्याला ४४ वर्षे झाली.

येथे मतदान सक्तीचे आहे, न केल्यास दंड होतो, आणि जवळजवळ नव्वद टक्के लोक मत देतात. परदेशात राहणाऱ्यांना मात्र तिथून मत देता येत नाही, म्हणून ब्वेनोस आइरेसला स्थायिक झालेले उरुग्वेकर मतदानासाठी बोटीने नदी ओलांडून येतात. दुसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी मी बंदराजवळून जात असताना लेकरांना कडेवर घेतलेल्या बायका, काठी टेकत उतरणारे आजोबा पाहिले आणि पुढे पाऊल टाकवेना. २० तारखेला तुम्ही दोघे मत देऊन आलात. केंद्रावर यादीत माझे नाव निघाले आणि तुम्हाला ‘ती बाहेरगावी आहे’ असे सांगावे लागले, हे तुम्ही सहज म्हणून लिहिलेत, पण मला ते लागले. त्यांना एक नदी ओलांडायची असते, मला दोन विमाने बदलावी लागतात, अशी समजूत मी स्वतःची घातली. ती पुरेशी नाही, हे मला कळते.

आईने विचारले होते, म्हणून स्पष्ट लिहिते. येथील नागरिकत्वासाठी मी अर्ज केलेला नाही आणि करण्याचा विचारही नाही. पंधरा वर्षे येथे राहून कामधंदा आणि संसार असणाऱ्या परदेशी माणसाला नागरिक न होताही मताचा हक्क मिळतो, असे मी फोनवर म्हणाले, ती केवळ माहिती होती. मी तितकी वर्षे राहणार आहे, असा त्याचा अर्थ कृपया घेऊ नये.

श्रीकांतच्या लग्नाच्या कार्यालयाचे पैसे शुक्रवारी पाठवले आहेत, दोन-तीन दिवसांत खात्यावर जमा होतील. आईच्या पाटल्यांना हात लावायचा नाही, उरलेली रक्कम मी जानेवारीत पाठवते. मुहूर्त माघाऐवजी वैशाखात धरता आला तर फार बरे होईल, कारण फेब्रुवारीत मला रजा मिळत नाही. पण मुलीकडच्या मंडळींची अडचण असेल तर माझ्यासाठी थांबू नका. कराडच्या स्थळाला माझ्या वतीने नम्रपणे नकार कळवावा. नोकरीचा करार मी आणखी दोन वर्षांसाठी वाढवला आहे. हे तुम्हाला आधी विचारायला हवे होते, परंतु सही करण्याची मुदत संपत आली होती आणि तुम्ही तेव्हा डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात होतात. थेंब वेळेवर घालत आहात ना, तेवढे श्रीकांतला कळवायला सांगा.

तुमची लेक,
मंजिरी